काकूंनी केलेलं बडोद्याचं केळवण

मला शिट्टीचा मनस्वी राग आहे. शाळेत शिकवत असले की मैदानावरून ती कानात शिरते, आणि घरी येऊन जरा पाठ टेकावी तर तिथे घरमालकीणबाईंची शिट्टी. नळाला पाणी आलं की एक. कचऱ्याची गाडी आली की दोन. आणि लांबलचक वाजली की समजावं, कोणीतरी जिन्यात चपला वेड्यावाकड्या काढल्या आहेत आणि आता सगळ्यांची पेशी आहे.

पिपरी मेघेत काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते. नवरा नोकरीला चंद्रपूरला, मी वर्ध्याच्या शाळेत मास्तरीण. काकू म्हणजे रिटायर झालेल्या पीटीच्या बाई. लग्न केलेलं नाही. उंच, काटक, केस मानेवर कापलेले, सुती साडी आणि तिच्याखाली कॅनव्हासचे पांढरेशुभ्र बूट. मंगळसूत्राच्या जागी शिट्टी घालते बया, असं समोरच्या बायका कुजबुजायच्या. काकूंना ते ऐकू जायचं. "हे मले कवाबी काढून ठेवता येते," त्या मोठ्याने म्हणायच्या. "तुमचं तं तसं बी नाई."

काकूंना एकच खूळ होतं, पण ते असं की बाकीची सगळी त्यात मावावीत. कुठलीही गोष्ट तालमीशिवाय करायची नाही. "एकदा करून पाहू ना मंग!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. खालच्या खोलीतल्या पल्लवीला, म्हणजे बँकेत नोकरी करणाऱ्या पोरीला, पाहुणे पाहायला येणार होते तेव्हा काकूंनी आदल्या दिवशी अख्खा कार्यक्रम बसवला. स्वतः मुलाची आई झाल्या, मला मुलाचा बाप केलं, आणि पल्लवीला इतके तिरके प्रश्न विचारले की ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मले ह्या घरात जाचंच नाई!" दुसऱ्या दिवशी खरे पाहुणे आले तर ते पल्लवीला फारच मवाळ वाटले. तिनेच त्यांना नकार दिला.

त्यांच्या मरणाचीही तालीम झाली होती. खोटं सांगत नाही. एका रविवारी सकाळी आम्हा भाडेकरणींना खाली बोलावलं, दिवाणखान्यात चटई टाकली, आणि त्यावर ताठ आडव्या होऊन डोळे मिटून घेतले. कोणी डॉक्टरला फोन लावायचा, कोणी दार उघडं ठेवायचं, कोणी तुळशीचं पान आणायचं, सगळं वाटून दिलेलं. मी मुकाट्याने पान आणलं. पल्लवीने "काकू गं" म्हणून हंबरडा फोडला. प्रेताने एक डोळा उघडला. "रडण्यात दम नाई. पुन्हा!"

मी तणतणत वर निघून गेले. बाकीच्यांनी म्हणे पुन्हा केलं.

तर अशा ह्या बाईच्या घरात आमची वंदनाताई राहायची. पंचेचाळिशीची, कचेरीत क्लार्क, बोलणं इतकं हळू की फोनवर समोरच्याला वाटावं लाइन कटली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सोमवार ते शुक्रवार ती आमच्यात, आणि शनिवार उजाडला की पहिल्या गाडीने पुलगावजवळच्या नाचणगावला सासूकडे. सासूची औषधं, सासूचं दळण, सासूच्या मोबाइलची चार्जिंग. त्या म्हातारीचा नवरा कधीचाच गेलेला, एकच मुलगा होता, तोही गेला. मग ह्या दोघीच एकमेकींना उरल्या. वंदनाताई तिला 'आई' म्हणायची आणि तिच्याबद्दल बोलताना तेवढा आवाज जरा वर चढायचा.

हिंगणघाटला एक सर होते. बायको वारलेली, माणूस सज्जन. कचेरीतल्याच कोणीतरी विषय काढला, वर्षभर नुसता विचार चालला, आणि शेवटी ठरलं की तुळशीच्या लग्नानंतर कोर्टात जाऊन सह्या करायच्या. बस. हार नाही, पंगत नाही. वंदनाताईच्या भावाने तर फोनवर सांगितलं होतं, "चुपचाप उरकून टाक, उगाच शोभा नको." वंदनाताईने आम्हाला ही बातमी दिली तीही अशी, की जणू एखाद्या बाईने पाकीट मारल्याची कबुली द्यावी. वर म्हणाली, "कोणाले सांगू नका."

"आईला सांगितलंस?" मी विचारलं.

"नंतर सांगीन."

"नंतर म्हणजे? सह्या झाल्यावर?"

ती भांडी आवरायला उठली. मला रागच आला. पण तिच्या मनात काय होतं ते तिने नंतर एकदा सांगितलं, तेव्हा माझा राग कुठच्या कुठे गेला. म्हणाली, "त्या घरात इतक्या वर्सांत मले 'जाय' असं कोणी म्हणलं नाई. आता मीच जाऊन राह्यली. लगन झाल्यावर मी कोण त्यायची? शनिवारी कोणत्या तोंडानं जाऊ?"

काकूंच्या डोक्यात मात्र दुसराच किडा वळवळत होता. "केळवण कोण करून राह्यलं हिचं?" त्यांनी जाहीर सवाल टाकला. कोणीच करणार नव्हतं. पहिल्या लग्नाच्या नवरीला लोक पंधरा-पंधरा घरी जेवायला बोलावतात. बाईचं दुसरं लग्न म्हटलं की ह्यांच्या चुली विझतात. काकूंनी शिट्टी ओठांशी नेली, मग विचार बदलून खाली सोडली. "मी करीन. आन असं करीन का लोकायनं नाव काढलं पाह्यजे. दोन दिवस. मोठ्या शहरात. फक्त बायका."

झालं! आमच्या दिवाणखान्यात त्या दिवसापासून जी काही सभा सुरू झाली, ती संसदेतही होत नसेल. समोरच्या घरातल्या दोघी जावाही येऊन बसल्या. ह्या दोघी एका स्वयंपाकघरात राहून एकमेकींशी बोलत नसत; बोलायचं ते तिसऱ्याकडे बघून. पल्लवी म्हणाली, गोवा. मोठी जाऊ भिंतीकडे बघून म्हणाली, गोव्याला गेलं तर माझे सासरे मला घरात घेणार नाहीत. धाकटी जाऊ पंख्याकडे बघून म्हणाली, काही लोकांना नाही घेतलं तर बरंच होईल. कोणी हैदराबाद काढलं, बिर्याणीसाठी. मी पुणं म्हटलं, तर सगळ्यांनी असं पाहिलं की मी गप्पच बसले.

"बडोदा," काकू म्हणाल्या.

नवरात्र तोंडावर होतं. तरुणपणी काकू खो-खोच्या स्पर्धेला बडोद्याला गेल्या होत्या, तेव्हाची एक मैत्रीण तिथेच नांदत होती, आपली मराठीच. तिच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. आणि गरबा! मैदानात हजारो बाया गोल फिरतात, कोणी कोणाची ओळख विचारत नाही, कोणी विधवा की सवाष्ण बघत नाही, असं काकू सांगत होत्या. वंदनाताई कोपऱ्यात बसून पदराचं टोक मुडपत होती. "माह्यासाठी एवढं काऊन?" ती म्हणाली.

"तुह्यासाठी कोण करून राह्यलं?" काकू खेकसल्या. "मले नाचाचं हाय."

मग तालमी. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर काकूंनी चुन्याने रेल्वेचा डबा आखला. हे दार, ही आपली बर्थ, हा संडास. प्रत्येकीने भरलेली बॅग घेऊन यायचं. रिकामी बॅग आणली तर परत घरी. शिट्टी वाजली की चढायचं, वजनदार बॅग आधी, माणूस नंतर, सगळ्यात शेवटी काकू. रस्त्याने जाणारे लोक गाड्या थांबवून बघायचे. माझ्या शाळेतला शिपाई एकदा थांबला आणि दुसऱ्या दिवशी त्याने मला अतिशय मायेने विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

एकदा काकू ओरडल्या, "भुसावळ!" आणि मोठी जाऊ केळी घ्यायला म्हणून चुन्याच्या रेघेबाहेर गेली. शिट्टी वाजली, गाडी सुटली. बाई बाहेरच. काकूंनी तिला अंधार पडेस्तोवर आत घेतलं नाही. "तू आता भुसावळलेच राह्य." धाकटी जाऊ त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी हसली, आणि तेही थेट तिच्याकडे बघून.

डबा जमल्यावर गरबा. पल्लवीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवले, काकूंनी त्यांची कवायत केली. एक पाऊल, दोन पाऊल, टाळी, गिरकी, सावधान! मधोमध पाण्याची कळशी ठेवली, तीच देवी. तिच्याभोवती आम्ही फिरायचं. पल्लवी एकदा म्हणाली, "काकू, व्हिडिओत तं सगळे उलटे फिरून राह्यले."

"देवीभोवती फिरणं म्हणजे प्रदक्षिणा," काकू म्हणाल्या. "प्रदक्षिणा कशी घालतात, हे मले त्या मोबाइलनं शिकवाव का? व्हिडिओ उलटा घेतला असन कोणी."

मुद्दा बिनतोड होता. देवळात जशी घालतो तशी उजव्या हाताला देवी ठेवून आम्ही पंधरा दिवस घामाघूम होऊन फिरलो. वंदनाताई आधी नुसती चालायची, मग टाळी वाजवायला लागली, आणि एका संध्याकाळी गिरकी घेताना तिची वेणी सुटली तेव्हा ती खळखळून हसली. ते हसू ऐकून आम्ही सगळ्याच थांबलो. काकूंनी तेवढ्या वेळ शिट्टी वाजवली नाही.

आणि निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी घोटाळा केला.

संध्याकाळी त्या बाहेरून आल्या त्या विजयी मुद्रेने. बुटांवर धूळ, हातात अक्षतांची रिकामी वाटी. "झालं," म्हणाल्या. "नाचणगावले अक्षत देऊन आली."

वंदनाताई पोळ्या लाटत होती. लाटणं हातातच राहिलं.

"केळवण हाय म्हटल्यावर नवरीच्या घरी अक्षत नाई द्याची का? तुह्या सासूले सांगतलं, तुमच्या वंदनाचं लगन ठरलं, तिचं बडोद्याले केळवण हाय, गाडी अमुक, डबा तमुक. रीतसर."

"काकू!" मी ओरडले. "कोणाला सांगू नका म्हणाली होती ना ती!"

"कोणाले म्हणजे गल्लीतल्या लोकाले!" काकूही ओरडल्या. "घरच्यायले न सांगता लगन करते का कोणी?" आणि मग वंदनाताईचा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं. ही बाई कोणी आवाज चढवला तर दुप्पट चढवणारी. पण त्या खुर्चीत बसल्या आणि नुसत्या बसूनच राहिल्या.

"काय म्हणल्या आई?" वंदनाताईने विचारलं.

"काई नाई. अक्षता कपाळाले लावल्या. मंग पाठ करून चुलीपाशी बसल्या. चहा दिला. पण बोलल्या नाई काईच."

वंदनाताईने फोन लावला. बंद. शनिवार यायचा होता, चार्ज कोण करणार? ती पीठ लागलेल्या हातांनी भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मी नाई करत लगन. सरायले तसं सांगून टाकीन." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. सकाळी पहिल्या एसटीने नाचणगावला जाते म्हणाली.

"एसटी कायले?" काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "आपली गाडी पुलगाववरूनच जाते. तिकीट काढलंच हाय. पुलगावले उतरजो." मग म्हणाल्या, "हे मी करून पाह्यलं नव्हतं ना आधी." मला त्या दिवशी त्यांची पहिल्यांदा दया आली, आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही वर्ध्याला गाडीत चढलो, पण कसली पार्टी न् कसलं काय! सहा बायका, नव्या कोऱ्या चनिया-चोळ्या बॅगेत, सांभारवड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा मांडीवर, आणि तोंडं अशी की बघणाऱ्याने विचारावं, कोण गेलं? पुलगाव जवळ आलं तशी वंदनाताई उठली. बॅग घेऊन दाराशी उभी राहिली. मी मागे गेले. म्हणाली, "तुमी खरंच मजा करा हं मॅडम. माही आठवण नका काढू." असलं बोलणं ऐकून माणसाने करायचं तरी काय?

गाडी थांबली. वंदनाताईने एक पाय पायरीवर टाकला आणि तिथेच थिजली.

खाली फलाटावर सासू उभी. हिरव्या काठाचं धुवट लुगडं, डोक्यावर पदर, हातात फुगलेली कापडी पिशवी. बरोबर आमच्याच डब्यासमोर. काकूंनी डबा तमुक सांगितला होता ना!

"आई, मी तुमच्याकडंच येऊन राह्यली होती..." वंदनाताई सुरू झाली.

"सरक," म्हातारी म्हणाली. "मले चढू दे."

पुलगावला गाडी थांबते ती श्वास घ्यायला तेवढी. वंदनाताई हलेना, म्हातारीचा गुडघा उचलेना, आणि मागून गार्डची शिट्टी वाजली. तिच्यावर चढून आमची वाजली. मी शपथेवर सांगते, त्या शिट्टीने माझे हात माझ्या आधी पुढे गेले. पल्लवीने पिशवी ओढली, वजनदार सामान आधी. दोघी जावांनी म्हातारीला एकेका बगलेत धरलं आणि वर घेतलं. मी वंदनाताईला कमरेला धरून आत खेचलं. आणि गाडी हलली तेव्हा काकू दाराशी सगळ्यात शेवटी उभ्या होत्या, नियमाप्रमाणे. फलाटावरचा एक हमाल टाळ्या वाजवत होता.

पण सासू आली म्हणजे काय म्हणून आली, हे कोणाला माहीत? खुश होऊन, की सुनेला परत न्यायला? तिने खिडकी पकडली आणि बडनेऱ्यापर्यंत चकार शब्द काढला नाही. मग बाहेर बघतच विचारलं, "तो काय करते?"

"सर हायत," वंदनाताई म्हणाली. "हिंगणघाटले."

"हं." अकोला गेलं. "दारू पेते का?"

"नाई."

"हं." त्यानंतर तिने पल्लवीला गरबा म्हणजे काय असते ते विचारलं, एक सांभारवडी खाल्ली, तिखट कमी आहे म्हणाली, आणि झोपली. वंदनाताई मात्र टक्क जागी, म्हातारीच्या अंगावरची चादर पुन्हा पुन्हा सारखी करत.

बडोद्याला काकूंच्या मैत्रिणीने केळवणाचं ताट असं सजवलं होतं की डोळे निवावेत. रांगोळी, समया, पुरणपोळी, आणि आमच्याकडून नेलेली गोरसपाकची बिस्किटंही कौतुकाने ताटात. वंदनाताईला पाटावर बसवलं. ओटी भरायची वेळ आली तशी काकूंनी मला खूण केली. आमच्यात नवरा हयात असलेली मीच जरा वडीलधारी. जावा होत्या, पण एकीला सांगितलं तर दुसरी रुसायची. मी तांदूळ हातात घेतले, आणि सासू उठली. कोणाकडे न बघता तडक गॅलरीत निघून गेली.

मी हातातले तांदूळ परत ठेवले.

"नको," वंदनाताई म्हणाली. "ओटी नका भरू मॅडम. आईच्या मनाले लागलं." तिने ताटाला नमस्कार केला, दोन घास खाल्ले आणि उठली. पुरणपोळी तशीच. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "माह्या हातानं त्या पोरीचं वाटोळं झालं, वं मॅडम." मलाही तसंच वाटत होतं.

तरी संध्याकाळी मैदानावर गेलो. वंदनाताई नाही म्हणत होती, तर सासूच म्हणाली, "एवढ्या दूर आलो, पाह्याले नाई जाचं का?" दिवे लागले होते. बाप्पा, ते मैदान! आमच्या वर्ध्यातली सगळी नवरात्र मंडळं आणून टाकली असती तरी एका कोपऱ्यात बसली असती. मधोमध देवीचा मांडव, आणि त्याच्याभोवती रंगांचा नुसता भोवरा. सासूला कडेला खुर्ची मिळाली. पिशवी मांडीवर घट्ट. काकूंनी आम्हाला रांगेत उभं केलं, खांदे ताठ करायला लावले, आणि शिट्टी दिली.

आम्ही शिरलो. देवी उजव्या हाताला. एक पाऊल, दोन पाऊल, टाळी.

आणि समोरून हजारो माणसं आमच्या अंगावर आली.

अहो, अख्खं बडोदं उलटं फिरत होतं! की आम्ही उलट्या होतो म्हणा. पहिल्या गिरकीला पल्लवी एका धिप्पाड बाईच्या पोटात शिरली. मोठ्या जावेची ओढणी कोणाच्या तरी बांगडीत अडकली. लोक म्हणत होते, "अरे बहेन, उल्टा, उल्टा!" एक स्वयंसेवक धावत आला. धाकटी जाऊ मोठीला थेट म्हणाली, "ताई, माझा हात सोडू नका." इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही मरणाच्या दारात! वंदनाताई मधोमध गोंधळून उभी, डोळ्यांत पाणी, आता पळून जाते की काय अशी. मी काकूंकडे पाहिलं. पंधरा दिवसांची तालीम मातीत गेली होती. ही बाई आता कोसळते, असं मला वाटलं.

काकूंनी छाती भरून श्वास घेतला.

"टोली! पीछेऽऽ मुड!"

ढोलावरून ऐकू गेलं ते. आणि सहाच्या सहा जणी टाचेवर गर्रकन फिरलो, एका झटक्यात, एका आवाजात, आणि पुढचं पाऊल टाकलं ते थेट त्या प्रवाहात. टाळी! चुकली नाही. गिरकी! चुकली नाही. आजूबाजूच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, कोणी ओरडलं, "वाह, दादी!" आणि काकू पांढऱ्या बुटांवर अशा नाचायला लागल्या की त्यांना कोणी कवायत शिकवली होती हे खोटं वाटावं. पुढच्या फेरीला आमच्यामागे अनोळखी पोरींची शेपटी लागली होती. वंदनाताई हसत होती, रडत होती, फिरत होती, सगळं एकदम.

कडेने जाताना तिने सासूकडे पाहिलं. सासू खुर्चीवरून उठून उभी राहिली होती आणि हाताने बोलावत होती. वंदनाताई गोलातून बाहेर पडली. तिच्यामागे मी, माझ्यामागे काकू.

"बस," म्हातारी म्हणाली आणि तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. मग पिशवी उघडली. आत तांदूळ होते, नारळ होता, हळकुंड, सुपारी, जांभळा खण, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. घरून आणलेल्या. पुलगावला ती चढली तेव्हापासून हे सगळं त्या पिशवीत होतं.

"आई?" वंदनाताई म्हणाली.

"दुपारी त्या मास्तरीनबाईनं तांदूळ उचलले, मले पाहवलं नाई," म्हातारी म्हणाली. "पोरगी माही, आन ओटी दुसऱ्यानं भरावी?"

"मंग बोलल्या काऊन नाई हो बाई?" काकू जवळजवळ किंचाळल्या.

"कशी बोलू? विधवेले ओटी भर म्हणून कोण सांगते? तुमी सांगतलं का?"

काकूंनी गळ्यातली शिट्टी मागे पाठीवर टाकली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "सांगतो बाई. आत्ता सांगतो. भरा."

वंदनाताईने ओढणीचा पदर पसरला. म्हातारीने कुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला, आणि एकेक बांगडी चढवली. आजूबाजूने गरबा धो धो वाहत होता, कोणी बघत नव्हतं, आणि बघितलं असतं तरी आम्हाला पर्वा नव्हती. मी मात्र भोकाड पसरून रडत होते, आणि त्या रडण्यात दम होता.

वंदनाताई वाकली आणि म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवून तिथेच राहिली. "आई, मले सोडू नका," एवढंच पुन्हा पुन्हा.

"कोण सोडून राह्यलं तुले? उठ. बांगड्या फुटतीन." म्हातारीने तिला दंडाला धरून उभं केलं, पदराने तिचं तोंड पुसलं, आणि नेहमीच्या खरखरीत आवाजात म्हणाली, "येत्या शनिवारी जावयाले घेऊन येजो. वड्या करीन मी. तिखट चालते का त्याले, तेवढं विचारून ठेवजो."

वंदनाताईने पदरातली ओटी छातीशी धरली आणि, तिला ओळखणाऱ्या कोणाचा विश्वास बसणार नाही, पण त्या सगळ्या ढोलांच्या वर आवाज चढवून ओरडली, "चालते आई! त्याले सगळं चालते!"